दुपारी व्होल्टेज चढतो, संध्याकाळी पडतो: बॅटरी घेतल्याने काय सुटेल, काय सुटणार नाही

कोल्हापूरजवळच्या पाचगावच्या बाजूच्या एका कॉलनीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा. एका डीपीवरच्या (रस्त्यावरच्या वितरण ट्रान्सफॉर्मरवरच्या) बारा घरांनी तीन-तीन किलोवॅटचं सोलर बसवलं आहे आणि ही सगळी घरं लाइनच्या शेपटाला आहेत. सकाळी सगळं सुरळीत चालतं. साडेअकरा-बारा वाजले की इन्व्हर्टर 'ग्रिड व्होल्टेज जास्त' दाखवून बंद पडतो, मिनिटभराने चालू होतो, पुन्हा पडतो. संध्याकाळी सातला त्याच घरांत पंखा रेंगाळतो. विक्रेता म्हणतो, हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) आणि पाच युनिटची बॅटरी घ्या. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांच्या भावाची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. त्यांनाही कंटेनरची बॅटरी सुचवली गेली आहे. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामाला येणारा हिस्सा), हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटींतले नको असलेले करंट), डिमांड (कमाल मागणी) सगळं त्यातच मिटेल असं सांगून. दोघांनी घ्यावी का?

माझी नोकरीची वर्षं वीज वितरणात गेली आणि त्यानंतर मी याच भागातल्या कारखान्यांना सल्ला देतो आहे. माझं उत्तर आधी देतो, कारणं नंतर. कॉलनीला बॅटरीचा उपयोग होऊ शकतो, पण त्याआधी करायची तीन-चार स्वस्त कामं आहेत आणि बॅटरी घेतलीच तर ती कंपनीतून आलेल्या सेटिंगवर चालवून भागणार नाही. फाउंड्रीला जी अडचण आहे तिच्यासाठी बॅटरी लागतच नाही. लागतो तो कन्व्हर्टर, म्हणजे एसी-डीसी बदल करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, आणि तो बॅटरीशिवायही मिळतो.

या सगळ्या विषयात एक गोष्ट लक्षात ठेवायची. बॅटरी फक्त युनिट साठवते. लाइनवर काय घडेल ते बॅटरी आणि तार यांच्या मधला कन्व्हर्टर ठरवतो, आणि त्या कन्व्हर्टरला कोणत्या वेळी काय करायला सांगितलं आहे ते. आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यासारखंच हे आहे: नुसत्या खांबांनी पाणी अडत नाही, बरगे कधी घातले आणि कधी काढले यावर सगळं अवलंबून. बॅटरीची किंमत सगळे विचारतात, बरग्यांची वेळ कुणी विचारत नाही.

आता कॉलनीचा हिशोब मांडू. हा हिशोब कुणालाही वहीवर करता येतो, आणि तो केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये असं माझं ठाम मत आहे.

आपल्या डीपीचा ट्रान्सफॉर्मर ११ केव्हीचे ४३३ व्होल्ट करतो. ४३३ हे दोन फेजमधले. एका फेजचे न्यूट्रलशी मोजले तर २५० होतात. म्हणजे ११ केव्हीच्या बाजूला पूर्ण व्होल्टेज असेल आणि डीपीवर लोड नसेल तर ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगपाशीच २५० व्होल्ट मिळतात. हे पूर्वीच्या काळासाठी योग्यच होतं. वीज डीपीकडून घराकडे जाणार, वाटेत व्होल्टेज पडणार, म्हणून सुरुवात थोडी वरून करायची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार ग्रिडला जोडलेल्या सोलरने व्होल्टेज ८० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेल्यावर २ सेकंदांत बाजूला व्हायचं असतं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. वरची मोकळी जागा किती कमी आहे ते इथेच दिसतं.

प्रत्यक्षात उपकेंद्रापासून लांब असल्याने ११ केव्हीची बाजू थोडी कमी असते. दुपारी डीपीपाशी २४० व्होल्ट आहेत असं धरू. डीपीपासून घरं ४०० मीटरवर. तार जुनी 'वीझल', ३० चौरस मिलिमीटरची, जिचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे ०.९३ ओहम. म्हणजे ४०० मीटरला ०.३७ ओहम. बारा घरांचं सोलर ३६ किलोवॅट, घरातला दुपारचा वापर वजा केला तर ३० किलोवॅट लाइनवर परत जातं. तिन्ही फेजवर सारखं वाटलेलं असेल तर एका फेजवर १० किलोवॅट, म्हणजे जवळजवळ ४२ अँपियर. ४२ गुणिले ०.३७ म्हणजे साडेपंधरा व्होल्ट. वीज उलट्या दिशेने जाते म्हणून ही घट न होता चढ होते. २४० अधिक १५.५, शेपटाला २५५.५. इन्व्हर्टर बंद.

तो बंद पडल्यावर चढ जाते, व्होल्टेज खाली येतो, नियमाप्रमाणे किमान ६० सेकंद सगळं स्थिर दिसलं की तो पुन्हा चालू होतो, आणि पुन्हा तेच. डीपीला लागून असलेल्या घरातलं सोलर दिवसभर निवांत चालतं, शेपटाचं घर मात्र भर उन्हात बंद. दोघांनी पैसे सारखेच भरलेले असतात. शेवटच्या घरातल्या माणसाला वाटतं आपलाच इन्व्हर्टर खराब, तो विक्रेत्याशी भांडतो, विक्रेता महावितरणकडे बोट दाखवतो. यात इन्व्हर्टर निर्दोष असतो. त्याला सांगितलेलं काम तो चोख करत असतो.

वरच्या हिशोबात मी 'सारखं वाटलेलं असेल तर' असं म्हटलं, त्या शब्दांवर थांबायला हवं. तिन्ही फेज समतोल असतील तर न्यूट्रलमधून करंट जात नाही. तेच १० किलोवॅट एकट्या फेजवर असतील तर करंट न्यूट्रलमधूनही तेवढाच परततो आणि न्यूट्रलचा रेझिस्टन्स मिळून चढ दुप्पट होते, ३१ व्होल्ट. आमच्या भागात तीन किलोवॅटची बहुतेक घरं सिंगल फेज आहेत, आणि जोडणी करताना पोलवर जी फेज हाताशी आली तिच्यावर घर टाकलेलं असतं. म्हणून पहिलं काम हे: दुपारी १२ ते २ च्या दरम्यान डीपीवर तिन्ही फेजचा आणि न्यूट्रलचा करंट क्लॅम्प मीटरने मोजून घ्या. न्यूट्रलमध्ये फेजच्या निम्म्याच्या आसपास करंट दिसला तर घरं फेजवर पुन्हा वाटायची. हे काम महावितरणच्या वायरमननेच, शटडाउन घेऊन करायचं. खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि अनेक कॉलन्यांमध्ये निम्मा प्रश्न इथेच संपतो. याच वेळी न्यूट्रलचे जंपर आणि जोडही पाहून घ्यावेत. सैल न्यूट्रलने होणारी चढ सोलरच्या नावावर खपते, आणि ती जास्त धोक्याची.

दुसरं काम तारेचं. 'वीझल' काढून ५० चौरस मिलिमीटरची 'रॅबिट' ओढली तर रेझिस्टन्स किलोमीटरला ०.५५ ओहमच्या आसपास येतो आणि चढ साडेपंधरावरून नऊ व्होल्टवर. हाच बदल संध्याकाळीही कामाला येतो, कारण पडणारा व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी पडतो. बॅटरीची वॉरंटी संपेल तेव्हाही ती तार जागेवर असेल.

ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज पायरीपायरीने बदलायची जोडणी) खाली करा, असाही सल्ला मिळेल. १०० केव्हीए आणि त्याखालच्या डीपीला बहुधा टॅप नसतोच. मोठ्या डीपीला असतो, एक पायरी अडीच टक्क्यांची, म्हणजे सहा व्होल्ट. दुपार सुटेल, पण संध्याकाळी डीपीपाशी जिथे २२५ असतील तिथे २१९ होतील आणि शेपटाला पंखा आणखी रेंगाळेल. हा टॅप लाइन बंद करूनच बदलता येतो, दिवसातून दोनदा नाही. पूर्वी वीज एकाच दिशेने वाहायची, तेव्हा एक टॅप वर्षभर पुरायचा. आता दुपार आणि संध्याकाळ एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, आणि सगळा नवा प्रश्न इथून सुरू होतो.

आता इन्व्हर्टरकडे येऊ. सोलर इन्व्हर्टरच्या आत आयजीबीटी किंवा आता सिलिकॉन कार्बाइडचे स्विच असतात, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे. त्यातून डीसीची ५० हर्ट्झची साइन वेव्ह घडवली जाते. करंट व्होल्टेजच्या पुढे ठेवायचा की मागे, किती ठेवायचा, हे सगळं सॉफ्टवेअरच्या हातात असतं. म्हणून असं सुचवलं जातं की दुपारी इन्व्हर्टरने रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता लाइनवर नुसती ये-जा करणारी) ओढावी, व्होल्टेज आपोआप खाली येईल. तत्त्व बरोबर आहे, पण जागा पाहावी लागते. व्होल्टेजमधला बदल दोन गोष्टींनी होतो: रेझिस्टन्स गुणिले खरी पॉवर, आणि रिअॅक्टन्स (एसीला तारेत होणारा, रेझिस्टन्सखेरीजचा अडथळा) गुणिले रिअॅक्टिव्ह पॉवर. आपल्या ४०० मीटर एलटी (डीपीपासून घरापर्यंतच्या कमी दाबाच्या) लाइनचा रिअॅक्टन्स जेमतेम ०.१२ ओहम. इन्व्हर्टर ०.९ पॉवर फॅक्टरवर चालवला तर फेजमागे पाच केव्हीएआरच्या (रिअॅक्टिव्ह पॉवरचं माप) जरा खाली ओढले जातील आणि व्होल्टेज उतरेल अडीच व्होल्ट. त्यासाठी तारेत करंट वाढला, लॉसेस वाढले, आणि तीन केव्हीएच्या इन्व्हर्टरची खरी पॉवर दहा टक्के कमी झाली. एलटीवर ही युक्ती दुबळी ठरते.

हीच युक्ती ११ केव्हीवर जोरदार चालते. 'डॉग' तारेच्या ११ केव्ही लाइनचा रिअॅक्टन्स रेझिस्टन्सपेक्षा जास्त असतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज देण्यासाठी उपकेंद्राजवळ मेगावॅटचे सोलर प्रकल्प उभे राहू लागले. तिथल्या इन्व्हर्टरकडून रिअॅक्टिव्ह पॉवरचं काम करून घेतलंच पाहिजे. इन्व्हर्टरमध्ये ती क्षमता असतेच, ती वापरली जात नाही याची मला खंत वाटते.

घरगुती इन्व्हर्टरसाठी जास्त कामाचं सेटिंग व्होल्ट-वॅट. व्होल्टेज एका मर्यादेच्या वर गेला की इन्व्हर्टर एकदम बंद न पडता हळूहळू पॉवर कमी करतो. दुपारचे दोन तास तीनऐवजी दोन किलोवॅट मिळाले तर नुकसान दोन युनिटचं, चालू-बंदच्या उठाबशीत जातं त्याहून बरंच कमी. पण हे सेटिंग सगळ्या बारा घरांत सारखं हवं, नाहीतर शेवटचं घर एकटंच त्याग करत बसेल. आणि ते महावितरणला कळवून, त्यांच्या संमतीने करायचं. मर्यादा २५३ वरून परस्पर २७० करून देणारे इन्स्टॉलरही भेटतात. तसं कृपया करू नका. त्या व्होल्टेजवर शेजाऱ्याचा फ्रीज आणि राउटर जळू शकतो.

एवढं करूनही चढ उरली, तर बॅटरी. बारा घरांत प्रत्येकी पाच युनिट म्हणजे ६० युनिट. दुपारी ११ ते ३ हे चार तास ३० ऐवजी १५ किलोवॅटच लाइनवर सोडायचं ठरवलं तर १५ गुणिले ४, बरोबर ६० युनिट लागतात. चढ निम्म्यावर, पावणेआठ व्होल्ट. शेपटाला २४८. कागदावर हिशोब सुंदर जुळतो.

पण हायब्रिड इन्व्हर्टर कारखान्यातून 'स्वतःचा वापर आधी' या सेटिंगवर येतो. सकाळी आठला सोलर घरच्या वापरापेक्षा जास्त झालं की तो बॅटरी भरू लागतो. तीन किलोवॅटच्या पॅनलला पाच युनिटची बॅटरी भरायला किती वेळ लागणार? अकराच्या आसपास ती भरते. बारा वाजता, जेव्हा तिची खरी गरज, तेव्हा ती तुडुंब भरलेली आणि सगळं सोलर लाइनवर. बॅटरीवर पैसे खर्च केले आणि दुपारचे २५५ जसेच्या तसे. त्यासाठी चार्जिंग अकरापासून, आणि तेही सव्वा किलोवॅटच्या मर्यादेत, असं सेट करावं लागतं. ढगाळ दिवसांसाठी वेगळा नियम. बॅटरी सकाळपर्यंत रिकामी झालेली असणंही तितकंच आवश्यक, नाहीतर दुसऱ्या दिवशी जागाच नाही. विक्रेत्याला एवढंच विचारा: चार्जिंगची वेळ आणि किलोवॅट मी ठरवू शकतो का? नाही म्हणाला तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आणि पैशाचं खरं सांगायचं तर नेट मीटरिंग असलेल्या घराला या बॅटरीतून फार काही मिळत नाही. लाइनवर सोडलेलं युनिट बिलात वजा होतं. तेच युनिट बॅटरीतून फिरवलं तर चार्ज-डिस्चार्जमध्ये दहा-पंधरा टक्के जातं. पीएम सूर्यघर योजनेतलं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान सोलरच्या किलोवॅटवर मिळतं, त्यात बॅटरीचा वेगळा हिशोब नाही. म्हणजे खर्च घरमालकाचा आणि फायदा लाइनचा. म्हणून माझं मत असं की घराघरांत पाच-पाच युनिट ठेवण्यापेक्षा कॉलनीची एकच बॅटरी, वितरण कंपनीच्या मालकीची आणि तिच्याच नियंत्रणात, जास्त शहाणपणाची. दिल्लीत ही वाट धरली गेली आहे: २०१९ मध्ये रोहिणीला १० मेगावॅटची, २०२५ मध्ये किलोकरीला २० मेगावॅट आणि ४० मेगावॅट-अवर क्षमतेची बॅटरी वितरणाच्या जाळ्यात आली. ती मोठी उदाहरणं आहेत. ६० ते १०० युनिटची बॅटरी एका डीपीसाठी लावणं तांत्रिकदृष्ट्या त्याहून सोपं.

ती कुठे लावायची, यावरही निकाल बदलतो. ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड होत असेल तर डीपीपाशी लावली तरी चालते. तुमच्यासारखा व्होल्टेजचा प्रश्न असेल तर शेपटालाच हवी. डीपीपाशी लावलेल्या बॅटरीने ४०० मीटर तारेतला करंट एका अँपियरनेही कमी होत नाही. शेपटाला लावलेली बॅटरी संध्याकाळी उलट काम करते: १५ किलोवॅटने चार तास पुरवठा केला तर तेच पावणेआठ व्होल्ट वर उचलते. साठ भरले तर बावन्न-त्रेपन्न युनिट परत मिळतील, म्हणजे शेवटचा अर्धा तास जरा कमी पडेल. दुपार आणि संध्याकाळ दोन्ही एकाच उपकरणाने सांभाळली जातात. टॅपला हे जमत नाही. बॅटरीचं खरं मोल इथे आहे.

बॅकअपच्या आशेने हायब्रिड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, आणि ती मी हात जोडून सांगतो. साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिडचा व्होल्टेज पाहून त्यामागे चालतो. लाईट गेली की तोही थांबतो, थांबलाच पाहिजे. हायब्रिड इन्व्हर्टर लाईट गेल्यावर स्वतः व्होल्टेज तयार करतो, म्हणून त्याच्या बॅकअपच्या तारा मेनपासून पूर्ण वेगळ्या हव्यात, मध्ये योग्य चेंजओव्हर हवा. काही ठिकाणी बॅकअपचं आउटपुट थेट घराच्या बोर्डात टाकलेलं मी पाहिलं आहे. तसं केलं तर तुमच्या घरातली वीज एलटी लाइनवर जाते, आणि डीपीचा ट्रान्सफॉर्मर तिचे उलट ११ केव्ही करू शकतो. पोलवर चढलेल्या वायरमनला लाइन बंद आहे असं सांगितलेलं असतं. पावसाळ्यात रात्री भिजत काम करणारी ही माणसं आपलीच आहेत. चेंजओव्हर विद्युत ठेकेदाराकडून बसवून घ्या आणि बॅकअपमध्ये न्यूट्रल अर्थिंगशी कसा जोडला जातो हेही त्याला विचारा, कारण तो सुटा राहिला तर आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) काम करत नाही.

आता शिरोलीच्या फाउंड्रीकडे.

इंडक्शन फर्नेसला आधी एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर असतो. सहा पल्सचा असेल तर तो पाचवा आणि सातवा हार्मोनिक ओढतो, त्यामागे अकरावा-तेरावा. बारा पल्सचा असेल तर पाचवा-सातवा बऱ्यापैकी कटतो. आयईईई ५१९ या मानकानुसार ११ केव्हीच्या जोडबिंदूवर व्होल्टेजची एकूण विकृती ५ टक्क्यांच्या आत आणि एकेका हार्मोनिकची ३ टक्क्यांच्या आत हवी. २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर (रिअॅक्टिव्ह पॉवरही धरणाऱ्या मोजमापावर) बिल येतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी सगळ्यांनी कपॅसिटर वाढवले. त्यातून काय होतं ते पाहा. १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ५ टक्के इम्पीडन्स, म्हणजे एलटी बाजूची शॉर्ट सर्किट क्षमता सुमारे २० एमव्हीए. त्यावर ४०० केव्हीएआर कपॅसिटर चालू. २०,००० भागिले ४०० म्हणजे ५०, त्याचं वर्गमूळ सातच्या जरा वर. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून सातव्या हार्मोनिकलाच रेझोनन्समध्ये येतात, म्हणजे त्या वारंवारितेचा करंट अनेक पटींनी फुगतो. फर्नेस नेमका तोच हार्मोनिक सोडत असतो. कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, आणि दोष कपॅसिटरच्या कंपनीला दिला जातो. कपॅसिटर आपोआप जोडणाऱ्या-काढणाऱ्या पॅनलने काही पायऱ्या कमी करून ते १६५ केव्हीएआरवर आणले की रेझोनन्स अकराव्याकडे सरकतो. म्हणूनच बिघाड कधी होतो, कधी होत नाही.

यात बॅटरीचं काम कुठे आहे? कुठेच नाही. कपॅसिटरला ७ टक्क्यांचा सिरीज रिअॅक्टर लावला तर त्यांची जोडी १८९ हर्ट्झला बसते, पाचव्याच्या खाली, आणि रेझोनन्स टळतो. लोड झपाट्याने बदलत असेल तर एसव्हीजी (रिअॅक्टिव्ह पॉवर झटपट देणारं-घेणारं उपकरण), हार्मोनिक जास्त असतील तर अॅक्टिव्ह फिल्टर. ही दोन्ही उपकरणं म्हणजे तोच आयजीबीटीचा कन्व्हर्टर, फक्त त्याच्या डीसी बाजूला बॅटरीऐवजी कपॅसिटर. रिअॅक्टिव्ह पॉवर आणि हार्मोनिक यांची एका सायकलमधली सरासरी ऊर्जा शून्य असते, मग साठवायचं काय? बॅटरीच्या कंटेनरचा कन्व्हर्टरही हे काम करू शकतो, हे खरं. ५०० केव्हीएचा कन्व्हर्टर ३०० किलोवॅट देत असेल तर उरलेल्यात ४०० केव्हीएआर देऊ शकतो. पण निव्वळ त्यासाठी बॅटरी घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

व्होल्टेज डिप हा वेगळा प्रकार. पावसाळ्यात लांबच्या फीडरवर फॉल्ट होतो, पाव-अर्धा सेकंद व्होल्टेज खचतो, आणि सीएनसी मशिनं, ड्राइव्ह सगळं थांबतं. गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपना आणि इचलकरंजीच्या नव्या लूमना याचा त्रास फर्नेसपेक्षा जास्त. २०० किलोवॅटला अर्धा सेकंद तगवायला लागणारी ऊर्जा १०० किलोज्यूल, म्हणजे एका युनिटच्या तीन टक्क्यांहून कमी! इथे साठा नगण्य, पण तो काही मिलिसेकंदांत मिळायला हवा. सुपरकपॅसिटर किंवा छोटी बॅटरी आणि चपळ कन्व्हर्टर पुरतो.

राहिला प्रश्न दराचा. २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीने दुपारच्या सौर तासांत दर कमी आणि संध्याकाळच्या पीकला जास्त, अशी दिशा दिली आहे. दुपारी साठवून संध्याकाळी वापरा, असं गणित मांडलं जातं. पण एक टन लोखंड वितळवायला साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात. १००० किलोवॅटची फर्नेस संध्याकाळी तीन तास बॅटरीवर चालवायची तर ३००० युनिट हवेत. त्यापेक्षा मेल्टिंगची शिफ्ट दुपारी आणणं शंभर पटीने स्वस्त, आणि माझ्या माहितीतल्या काही फाउंड्र्यांनी ते केलं आहे. मोल्डिंग, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) संध्याकाळी, वितळवणं उन्हात. उसाच्या पट्ट्यातल्या पाणीपुरवठा संस्थांनाही हेच लागू: दुपारी पाणी उंचावरच्या टाकीत चढवून ठेवलं की तीच साठवण. मोठ्या प्रमाणावर घाटघरच्या २५० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पात हेच होतं.

शिफ्ट हलवूनही पीकचा वापर उरत असेल, आणि हिशोबात दर दिवसाला एक पूर्ण सायकल बसत असेल, तर बॅटरीचा विचार जरूर करा. लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या. तापमानाला ती निकल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या लिथियम बॅटरीच्या मानाने बरीच सोशिक. पण तिचा सेलचा व्होल्टेज २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ३.२ ते ३.३ वरच रेंगाळतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून ती किती भरली आहे ते कळत नाही. बीएमएसने (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेने) मधूनमधून पूर्ण चार्ज करून मोजमाप जुळवलं नाही तर पडद्यावर ४० टक्के दिसत असताना एखादा सेल रिकामा होतो आणि पूर्ण बँक बंद पडते. खरेदीच्या वेळी आयईसी ६२६१९ चं प्रमाणपत्र आणि यूएल ९५४०ए चाचणीचा अहवाल मागा. वॉरंटीत वर्षं किती यापेक्षा एकूण किती युनिट आणि कोणत्या तापमानाला, ते वाचा.

फाउंड्रीत धूळ लोखंडाची असते. ती कन्व्हर्टरच्या हीटसिंकवर बसली की पंखे फिरत राहतात आणि आतलं तापमान वाढत जातं. डीसी बाजूच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला ढोबळमानाने निम्मं होतं. बॅटरीआधी हेच कपॅसिटर दगा देतात. कन्व्हर्टर शेडपासून वेगळ्या, थोड्या जास्त दाबाने हवा भरलेल्या खोलीत ठेवा. आणि आपल्या जिल्ह्यात जागा निवडताना २०१९ आणि २०२१ ची पूररेषा बघितल्याशिवाय चौथरा बांधू नका. डीसी बँकेत पुराचं पाणी शिरलं तर ती बंद करायला बटण उरत नाही.

संरक्षणाचा एक मुद्दा दोघांनाही लागू. फॉल्ट झाला की साखर कारखान्याचा सहवीज जनरेटर रेटिंगच्या पाच-सहा पट करंट देतो, इन्व्हर्टर मात्र सव्वा ते दीडपटच. फ्यूज आणि रिले त्या मोठ्या करंटवर बेतलेले असतात. गाळप हंगाम संपल्यावर हे जनरेटर बंद होतात आणि नेमक्या त्याच एप्रिल-मेमध्ये सोलर जोरात असतं. म्हणून फीडरच्या रिलेचं सेटिंग हंगामाच्या आणि उन्हाळ्याच्या दोन्ही परिस्थितींत तपासून घ्यायला हवं.

कॉलनीने पुढे काय करायचं ते सांगतो. शेपटाच्या एका घरात आणि डीपीपाशी, दोन्हीकडे एकाच वेळी सात दिवस व्होल्टेजची नोंद घ्या. इन्व्हर्टरच्या अॅपमध्ये शेपटाची नोंद आधीच मिळेल. तिच्यासोबत बारा घरांची यादी, कोणतं घर कोणत्या फेजवर, आणि लाइनची लांबी लिहून महावितरणच्या उपविभागाकडे लेखी अर्ज द्या. एलटी ग्राहकाला जाहीर व्होल्टेजच्या ६ टक्के आत पुरवठा मिळण्याचा हक्क आहे, तो मुद्दा अर्जात घाला. मागणी या क्रमाने लिहा: फेजची वाटणी आणि न्यूट्रलची तपासणी, सगळ्या इन्व्हर्टरना एकसारखं व्होल्ट-वॅट, मग तार. हे झाल्यावर पुन्हा सात दिवस मोजा. तरीही २५० च्या वर जात असेल तर शेपटाच्या बॅटरीचा प्रस्ताव त्याच आकड्यांवर मांडता येईल, आणि तेव्हा ती किती युनिटची हवी हे विक्रेत्याला विचारावं लागणार नाही. भावाने मात्र त्याआधीच, या आठवड्यात, पॉवर अॅनालायझर लावून कपॅसिटरच्या प्रत्येक पायरीला पाचव्या आणि सातव्या हार्मोनिकचा करंट मोजून घ्यावा.